मामाचा पिवळा डबा

*नवा जीपीएस घेतला, जुन्यातले पॉइंट त्यात उतरवले आणि राजगड-तोरणा करायला निघालो. मशीन बरोबर होतं, मामाही बरोबर होता. चुकलो मी. तेही जेमतेम सव्वाशे मीटरनी!*

आमच्या ऑफिसात दोन प्रकारची माणसं आहेत. वीकएण्डला ज्यांचा फोन लागतो ती, आणि ज्यांचा लागत नाही ती. मी दुसऱ्या गटात मोडतो. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की मी सह्याद्रीत कुठल्यातरी घळीत असतो आणि तिथे रेंज नसते, यावर माझ्या टीम लीडचा आता विश्वास बसलाय.

डोंगराचं हे वेड मामाकडून आलं. २००२ साली त्याने अमेरिकेतून येणाऱ्या एका मित्राकडून गार्मिनचा पिवळा ईट्रेक्स मागवला, तेव्हा मी शाळेत होतो. साबणाच्या वडीएवढा डबा. ब्लॅक अँड व्हाइट स्क्रीन, आत नकाशा वगैरे काही नाही. तुम्ही इथे आहात, तुम्हाला तिथे जायचंय, हा घ्या बाण. बस! पण त्या काळात ही चैनच होती. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार सर्वसामान्यांना मिळणारा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. ती भेसळ बंद झाली आणि अचूकता दहा-पंधरा मीटरवर आली. रानात हातात जीपीएस घेऊन फिरण्यात खरा अर्थ आला तो तेव्हापासून.

चार वर्षांपूर्वी मामाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि पिवळा डबा माझ्याकडे आला. "वापर, पण पॉइंट पुसू नकोस," एवढंच तो म्हणाला.

डबा म्हातारा होतो तेव्हा

मी वापरला. पण कडेचं रबर चिकट होऊन सुटायला लागलं होतं, स्क्रीनवर एक काळा डाग पसरत होता. तारीख तर सुमारे वीस वर्षं मागची दाखवायचा. हा मात्र त्याचा दोष नव्हे. जीपीएसचे उपग्रह आठवडे मोजतात आणि १०२४ आठवडे झाले की मोजणी परत शून्यावर येते. असं २०१९ च्या एप्रिलमध्ये झालं आणि कित्येक जुनी मशीनं भूतकाळात गेली. जागा बरोबर दाखवतात, फक्त काळ चुकतो. आमच्या घरातल्या काही वडीलधाऱ्यांसारखंच.

शेवटी दिवाळीच्या बोनसची वाट न बघता मी नवा ईट्रेक्स ३२एक्स घेतला. "फोन असताना हे कशाला?" हा प्रश्न मला घरी, ऑफिसात आणि दुकानातही विचारला गेला. उत्तर सोपं आहे. शहरात आणि हायवेवर फोनच भारी. पण पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालवून बघा. वर फोनची बॅटरी दिवसभर नकाशा आणि फोटो दोन्ही खेचत नाही. या मशीनला बटणं आहेत, ते पाणी खातं आणि पेन्सिल सेलच्या एका जोडीवर कंपनीच्या दाव्यानुसार पंचवीस तास चालतं. सेल संपले तर दुसरे घालायचे, पॉवर बँकची वायर सांभाळत बसायचं नाही. रंगीत नकाशा, होकायंत्र, हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर, आणि अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाच्या ग्लोनासचेही उपग्रह. आभाळ दोन्ही बाजूंच्या कड्यांनी झाकलेलं असेल, तिथे जास्त उपग्रह म्हणजे जास्त दिलासा.

आता प्रश्न मामाच्या पॉइंट्सचा. ते एकूण ६१ होते. जुना डबा कम्प्युटरला जोडायची केबल वेगळी, जाड, नऊ टाचण्यांची. ती घरात सापडेना आणि सापडली असती तरी माझ्या लॅपटॉपला तसं भोक नाही. मग एका रविवारी दुपारी मी वही घेऊन बसलो आणि सगळे अक्षांश-रेखांश हाताने उतरवले.

त्या डब्यात पॉइंटच्या नावाला सहाच इंग्रजी अक्षरं मिळतात. मामाने त्यात सगळा सह्याद्री कोंबला होता. 'पाणी१', 'वाडा', 'शिडी', 'गुहा'. राजगड-तोरण्याच्या धारेवर एक नाव वेगळंच होतं. 'चुकली'. मामाला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "तिथे सरळ जायचं. डावीकडे उतरायचं नाही." आणि विषय बदलला.

नव्या मशीनच्या नकाशावर बघितलं तर मामाचे बरेचसे पॉइंट धारेवर नव्हते, धारेच्या खाली उतारावर पडत होते. 'शिडी' तर चक्क हवेत लोंबकळत होती. मी म्हटलं, जुनं मशीन, इतका फरक पडणारच.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

टिंग टिंग, उजवीकडे वळा

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री आम्ही तिघं पुण्याहून निघालो. मी, ऑफिसातला एक दोस्त आणि आमच्या टेस्टिंग टीममधली एक मैत्रीण. तिचा स्वभावही टेस्टिंगचाच, समोर येईल त्यात आधी खोट शोधणार. गाडी वेल्ह्याला, म्हणजे तोरण्याच्या पायथ्याशी लावायची, पहाटे ठरवून ठेवलेल्या जीपने गुंजवण्याला जायचं, राजगड चढायचा, डोंगरधारेने तोरण्यावर जायचं आणि उतरून थेट गाडीपाशी यायचं, असा बेत. उलटं केलंत तर दिवसभराच्या चालीनंतर वेल्ह्याच्या स्टॅण्डवर वडापची वाट बघत बसावं लागतं.

गाडीतही नवं मशीनच लावायचं, असा माझा हट्ट होता. त्यात ओपनस्ट्रीटमॅपचा फुकट मिळणारा नकाशा भरला होता. पण ट्रेकचं मशीन गाडीत बोलत नाही, वळण आलं की नुसतं टिंग टिंग करतं. नसरापूरपर्यंत ठीक. पुढे मार्गासनीच्या अलीकडे ते वाजलं, मी वळलो आणि दहा मिनिटांत आम्ही भातखाचरांमधल्या एका ट्रॅक्टरच्या रस्त्यावर होतो. समोर फरशी पूल, पुलावरून गुडघाभर पाणी.

"सेटिंग दाखव," मैत्रीण म्हणाली. रस्ता निवडताना 'कमीत कमी अंतर' टिक केलेलं होतं आणि 'कच्चे रस्ते टाळा' रिकामं होतं. मशीनने सांगितल्याप्रमाणे इमानेइतबारे काम केलं होतं. अर्धा किलोमीटर रिव्हर्स घेताना दोस्ताने गाडीच्या मागे टॉर्च घेऊन चालत मला रस्ता दाखवला. त्यानंतर वेल्ह्यापर्यंत फोननेच नेलं. तेव्हा धडा पहिला : एकाच मशीनकडून दोन्ही कामांची अपेक्षा करायची असेल, तर आधी त्याला सांगा की आता तुम्ही पायी आहात की गाडीत.

ढगातली वाट

पहाटे पाचला गुंजवणं सोडलं. चोर दरवाजाचा शेवटचा उभा चढ रेलिंगला धरून संपवला, तेव्हा उजाडलं होतं आणि पद्मावती माची ढगात बुडालेली होती. राजगड सुमारे पंचवीस वर्षं शिवरायांची राजधानी होता. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे, शेजारचा तोरणा नाही. पण त्या सकाळी वारसाबिरसा काही दिसत नव्हता. दिसत होती ती पुढच्याची सॅक.

संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, चिलखती बुरूज, मधली नाळ, हे सगळं आम्ही हाताने चाचपत बघितलं. अळू दरवाजातून बाहेर पडलो आणि खरी धार सुरू झाली. दोन्ही बाजूंना उतार. उजवीकडे वेल्ह्याचं खोरं, डावीकडे खाली भुतोंडे आणि भाटघर धरणाचं पाणी. पायांखाली सोनकीची पिवळी फुलं, तेरडा, डोक्याएवढी कारवी. हवा स्वच्छ असेल तर समोर तोरण्याची बुधला माची दिसत राहते आणि वाट चुकणं अवघड असतं. धुक्यात मात्र ही धार अनेक वाटांना फुटते, कारण इथे माणसांपेक्षा गुरं जास्त चालतात.

खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून पलीकडे चढलो, तेव्हा अकरा वाजून गेले होते. मशीनवर मामाचा 'चुकली' जवळ येत होता. तीनशे मीटर, दोनशे, दीडशे. मी दोघांना सावध केलं. मग बाण हळूहळू डावीकडे वळायला लागला आणि आकडा शंभराच्या जरा वर अडकला. तो पॉइंट आमच्या वाटेवर नव्हताच, डावीकडच्या उतारावर खाली कुठेतरी होता. आम्ही चालत राहिलो. बाण मागे वळला.

"चला, धोक्याची जागा गेली," मी जाहीर केलं.

लगेच पुढे वाट फुटली. एक अरुंद, सरळ कारवीत घुसणारी. दुसरी डावीकडे जाणारी, रुंद, मळलेली. धोक्याची जागा मागे गेली होती ना? आम्ही रुंद वाटेने गेलो.

वीस मिनिटं मस्त गेली. वाट उतरत होती, पण धारेवर चढउतार असतातच. मग ती अरुंद झाली, मग घसरडी. एके ठिकाणी दोस्ताचा पाय मुरमावरून सरकला, तो पाच-सहा फूट खाली गेला आणि कारवीचं बुडखं हातात आलं म्हणून थांबला. त्याच्या पायाखालून सुटलेला दगड खाली जाताना आम्ही ऐकत होतो. आवाज बराच वेळ येत राहिला.

कोणीच काही बोललं नाही. आधी त्याला वर घेतलं. तळहात सोलवटले होते, घोटा दुखावला होता, मोडलं काही नव्हतं. मग मैत्रिणीने माझ्या हातातून मशीन घेतलं, उंचीचा आलेख काढला आणि माझ्यासमोर धरला. वीस मिनिटांत आम्ही नव्वद मीटर उतरलो होतो. रेषा कुठेही वर जात नव्हती. "हे तोरण्याला जाणं नाही," ती म्हणाली. "हे खाली जाणं आहे."

बॅरोमीटर गेली वीस मिनिटं हेच ओरडून सांगत होता. मी बाणाकडे बघत होतो, आकड्याकडे नाही.

नव्या मशीनने पैसे वसूल केले ते इथे. ट्रॅकबॅक लावलं आणि आलेल्या पावलांची रेषा धरून परत चढलो. उतरायला वीस मिनिटं लागली होती, चढायला पाऊण तास. फाट्यापाशी आलो तेव्हा धुक्यातून घंटेचा आवाज आला आणि पाठोपाठ एक धनगर आजी, डोक्यावर इरलं, पुढे चार म्हशी.

"तोरण्याला कुठून जायचं, आजी?"

"वरल्या अंगानं जावा की. ही खालची ढोराची वाट हाय." माझ्या हातातल्या मशीनकडे बघून तिने विचारलं, "ह्यो रेडू हाय व्हय?"

मी हो म्हटलं. त्या क्षणी त्याची तेवढीच लायकी वाटत होती.

अरुंद वाटेने पुढे वाडा लागला, मग लोखंडी शिडी, मग बुधला माचीचा खडक. दोस्त घोट्याला पट्टी बांधून सावकाश चालत होता. मेंगाई देवीच्या देवळात पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. बिनी दरवाजातून उतरून वेल्ह्यात आलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

सर एव्हरेस्ट आणि माझी वही

दुसऱ्या दिवशी दोन्ही मशीनं घेऊन मामाकडे गेलो. सगळं सांगितलं. अगदी शांतपणे, थोडा आरोप मिसळून. "तुझा पॉइंट चुकीच्या जागी आहे, मामा."

त्याने चष्मा लावला, पिवळा डबा घेतला, सेटिंगच्या पानावर गेला आणि विचारलं, "डेटम बघितला होतास?"

तो काय असतो, हे तेव्हा मला कळलं. अक्षांश-रेखांश हे नुसते आकडे. ते पृथ्वीच्या कोणत्या आकारावर मोजले हे ठरवल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. आपल्या जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट्स एव्हरेस्ट गोलाभावर आखलेल्या. १८३० चं ते माप, ज्यांचं नाव शिखराला दिलं गेलं त्याच जॉर्ज एव्हरेस्ट यांचं. ते भारतीय उपखंडाला नीट बसतं, अख्ख्या पृथ्वीला नाही. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ हे जगभराचं माप वापरतो. दोन्हींची केंद्रं वेगळी, आकार वेगळे. पुण्याच्या परिसरात एकाचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे घातले, तर जागा शंभर-सव्वाशे मीटर आग्नेयेला सरकते.

मामा टोपोशीट घेऊन फिरायचा. मशीनमधला आकडा कागदावर आणि कागदावरचा मशीनमध्ये घालता यावा म्हणून त्याने डबा 'इंडियन' डेटमवर ठेवला होता. त्या काळात ते शहाणपणाचंच होतं. डब्ल्यूजीएस ८४ वर आधारलेले ओपन सीरिजचे सरकारी नकाशे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरचे. मी त्याचे एव्हरेस्टचे आकडे उचलले आणि डब्ल्यूजीएस ८४ च्या मशीनमध्ये कोंबले. ६१ च्या ६१ पॉइंट आग्नेयेला गेले. राजगडाकडून तोरण्याकडे, म्हणजे साधारण पश्चिमेला चालणाऱ्यासाठी आग्नेय म्हणजे डावीकडे खाली आणि थोडं मागे. म्हणून बाण वेळेआधी मागे वळला होता.

मामाने डेटमचं बटण फिरवलं. माझ्या डोळ्यांसमोर 'चुकली'चे आकडे बदलले. अक्षांशात साडेतीनेक सेकंद, रेखांशात दोन-अडीच. नवे आकडे मी नव्या मशीनमध्ये भरले. पॉइंट उतारावरून सरकून बरोबर फाट्यावर येऊन बसला. माझ्या शनिवारच्या ट्रॅकची रेषा जिथे डावीकडे वळली होती, अगदी तिथे.

"आता सांग," मी म्हटलं.

मग त्याने सांगितलं. २००४ चा पावसाळा. तो आणि त्याचा एक मित्र, दोघंच. त्याच फाट्यावर, तसल्याच धुक्यात, तीच रुंद वाट. ते वीस मिनिटांत थांबले नाहीत, दोन तास उतरत राहिले. अंधार पडला, मित्राला ताप भरला आणि एका प्लास्टिकच्या कागदाखाली दोघांनी कारवीत रात्र काढली. सकाळी भुतोंड्याच्या लोकांनी त्यांना खाली नेलं. घरी त्याने "गडावर मुक्काम केला" असं सांगितलं होतं. मामीला अजून माहीत नाही. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता म्हणून बरं.

"पण मग पॉइंट कधी घेतलास? त्या रात्री?"

"छे! पंधरा दिवसांनी परत गेलो. एकटा. फाट्यावर उभा राहिलो, चार उपग्रह मिळेपर्यंत थांबलो आणि मार्क केला." तो जरा थांबला. "पुढच्याला कळावं म्हणून."

पुढचा मी होतो. कळायला वीस वर्षं आणि सव्वाशे मीटर लागले, एवढंच.

नव्या मशीनमध्ये नाव लांब लिहिता येतं, खाली नोंदही करता येते. 'चुकली' हे नाव मी तसंच ठेवलंय. खाली लिहिलंय : 'सरळ जा. डावी वाट ढोरांची. मामा २००४, मी सुद्धा.' उरलेले साठ पॉइंटही एकेक करून दुरुस्त केले. वाचून दाखवायला मामा, टाइप करायला मी. दोन संध्याकाळी गेल्या. निघताना पिवळा डबा परत मागायला मी हात पुढे केला, तर त्याने तो आपल्या शर्टाच्या खिशात घातला.

"राहू दे इथे," म्हणाला. "तुझ्याकडे आता नवा आहे ना?"

जीपीएस बदलताय? एवढं करा

● डेटम : जुन्या मशीनमधले, पुस्तकातले किंवा टोपोशीटवरचे आकडे हाताने भरण्याआधी ते कोणत्या डेटमचे आहेत ते बघा. नव्या मशीनवर डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. माहीत असलेला एखादा पॉइंट भरून नकाशावर जागेवर पडतो का, ते घरीच तपासा.

● गाडी की पायी : रस्त्यासाठी वेगळा प्रोफाइल ठेवा. 'कमी वेळ' निवडा, 'कच्चे रस्ते टाळा' चालू करा. ट्रेकचं मशीन बोलत नाही, त्यामुळे गाडीत एकटे असाल तर फोनच बरा.

● ट्रॅक : पायथ्यापासूनच ट्रॅक रेकॉर्ड करा. रस्ता चुकल्यावर सुरू केलेल्या ट्रॅकचा परत फिरायला उपयोग नाही.

● उंची : बॅरोमीटर पायथ्याच्या माहीत असलेल्या उंचीवर सेट करा. चढायचं असताना आकडा सतत उतरत असेल, तर थांबा.

● सेल : रिचार्जेबल, लिथियम की साधे, ते मशीनला सेटिंगमध्ये सांगा. नाहीतर बॅटरीचा काटा खोटं बोलतो. एक जादा जोडी कोरड्या डब्यात ठेवा.

● एसओएसचा मोह : उपग्रहावरून मेसेज पाठवणारी मॉडेल्स परदेशात सर्रास मिळतात. भारतात ती परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर असं मशीन सापडल्यामुळे एका परदेशी पाहुणीला पोलिसांच्या चौकशीला सामोरं जावं लागलं होतं. नातेवाइकांकडून मागवण्याआधी मॉडेल नीट बघा. नुसता जीपीएस चालतो.

● जायचं कसं : पुण्याहून सातारा हायवेने नसरापूर फाटा, मार्गासनी, तिथून एक रस्ता साखरमार्गे गुंजवण्याला, दुसरा वेल्ह्याला. वेल्ह्याला खानापूर-पाबे घाटातूनही जाता येतं. राजगड-तोरणा एका दिवसात करायचा तर पहाटे पाचला पायथा सोडा. आणि धारेवर धनगरवाड्यातलं कोणी भेटलं, तर मशीन खिशात घालून आधी त्यांना वाट विचारा.